तुरट सफरचंदांची पाच पोती

त्या वर्षी मी शेजाऱ्यांची सगळी चांगली सफरचंदं डुकरांना घातली आणि वाईट तेवढी राखून ठेवली. मला कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातून दोन दिवस रजा काढून, कंबर मोडेपर्यंत राबून, निव्वळ स्वतःच्या अकलेवर मी हे काम तडीला नेलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओहायोत, कोलंबसजवळच्या डब्लिनच्याही पुढे, शेतांच्या कडेला आम्ही घर घेतलं होतं. आता त्या भागात आपली माणसं इतकी झाली आहेत, की ग्रोसरीच्या दुकानात मोठ्यानं कुणाला नावं ठेवायचीसुद्धा चोरी. तेव्हा मात्र मका, सोयाबीन, गाई आणि आम्ही. मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होतो. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू हातात घ्यायची, उलटसुलट करायची आणि नापास करायची. स्वतः एकही पंप मी आयुष्यात बनवलेला नाही. काम मला मनापासून आवडायचं. घरी आल्यावरही मी ते चालूच ठेवतो, असं बायकोचं म्हणणं होतं, पण तिच्या म्हणण्याला पुरावा नव्हता. तो मी लवकरच पुरवला.

बायको नागपूरची, मी रत्नागिरीकडचा. हापूस की संत्रं हा वाद काही मिटेना, म्हणून अमेरिकेत आल्यावर आम्ही सफरचंदावर तडजोड केली होती.

शेजार म्हणजे अर्ध्या मैलावरचं एक शेत. तिथे नवरा-बायको दोघंच, सत्तरी ओलांडलेली. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, त्यामुळे ते मला ‘इंजिनिअर’ म्हणत. आम्ही घरात त्यांच्याबद्दल बोलताना काका-काकू म्हणायचो. एकदा बायकोच्या तोंडून ते त्यांच्या समोरच निघून गेलं. म्हातारीनं विचारलं, काकू म्हणजे काय? बायकोनं सांगितलं, वडिलांच्या भावाची बायको. म्हातारी जराशी विचारात पडली आणि म्हणाली, “चालेल.” त्या दिवसापासून फोनवर तिकडून करड्या आवाजात “काकू बोलतेय” असं यायचं, आणि ‘काकू’ एवढा एक शब्द सोडून पुढचं सगळं अस्सल ओहायोचं इंग्रजी असायचं.

काकांच्या कोठारामागे सफरचंदांची जुनी बाग होती. दरवर्षी पानं लाल होऊ लागली, की ते दोघं सायडर करायला घेत. बाजारात सायडर म्हणून प्लॅस्टिकच्या कॅनमधून जो गोड गढूळ रस मिळतो, तो त्यांच्या हिशेबी बाळांना पाजायचा. यांचा रस ओकच्या पिंपात जायचा, हिवाळाभर आंबायचा, फसफसायचा, निवायचा, आणि पुढच्या वर्षी कोठाराच्या छपरावरचं शेवटचं बर्फ घसरून खाली पडलं, की त्या दिवशी पिंपाला तोटी ठोकायची. कॅलेंडर बघायचं नाही, छप्पर बघायचं. आणि पहिला मग काकूंचा. त्यांनी पिऊन मान हलवल्याशिवाय दुसऱ्या कुणी हात पुढे करायचा नाही.

आम्ही राहायला आलो त्याच्या पहिल्याच वसंतात मला त्या दिवसाचं बोलावणं आलं. सफरचंदाचा रस तो काय, असं म्हणून मी उन्हात उभ्याउभ्या, कोकम सरबत प्यावं तसे तीन मग प्यालो. जरासा आंबट, मागे तुरट, मग कुठेतरी फुलासारखा वास. छानच होतं. चौथा मग मला आठवत नाही. बायकोला आठवतं ते असं: भर दुपारी दाराची बेल वाजली, बघते तर काका उभे. समोर शेणखताची हातगाडी, हातगाडीत मी. काकांनी टोपी काढून अदबीनं विचारलं, “हे कुठे ठेवू?”

“आणि मी सांगितलं, ठेवून द्या गराजमध्ये,” असं ती पुढे कित्येक वर्षं पॉटलकच्या जेवणांत सगळ्यांना सांगून राहिली होती.

तर असे आमचे संबंध. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात काकांनी सांगितलं, की शेत विकलं. एक बिल्डर घरं बांधणार होता. गुडघे चालेनात, हिवाळा सोसेना, मुलगी ॲरिझोनात चँडलरला राहत होती, तिच्याकडे दोघं जाणार होती. वसंतापर्यंत राहायची मुभा होती. मी उगाचच “तिकडे हवा छान असते” वगैरे म्हणालो. काकू बीन्सच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “हवा असेल. सफरचंद नाही. जायच्या आधी एक पिंप करायचं. शेवटचं. घर कसंही आवरा, भांडी वाटून टाका, मला काही नाही. ते पिंप मात्र नीट झालं पाहिजे.”

सप्टेंबरच्या शेवटी त्या सफरचंदं काढताना शिडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. कोलंबसला हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं. काका रोज सकाळी ट्रक घेऊन जात ते संध्याकाळी परत येत. चौथ्या की पाचव्या दिवशी रस्त्यात माझी गाडी थांबवून ते म्हणाले, “इंजिनिअर, सफरचंदं कोठारात घाम काढायला ठेवलीत. मी दिवसभर नसतो. जाता-येता एक नजर टाकत जा. रॅकून शिरतात. एखादं सडकं दिसलं, तर काढून टाक.”

एवढंच म्हणाले. ‘एक नजर’ आणि ‘एखादं’. मी ते ऐकलं नाही असं नाही. मला ते अपुरं वाटलं.

कोठाराचं दार ढकललं आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. गवताच्या पेंढ्यावर सफरचंदांचा ढीग, आणि तो वास! आमच्याकडे मे महिन्यात पेंढ्यात आंबा लावायचे, ती अढी. तोच दमट, गोड, जरा झिंग आणणारा वास. हे लोक सफरचंद झाडावरून काढून दोनतीन आठवडे असं ठेवतात, मऊ पडेपर्यंत. त्यालाच घाम काढणं म्हणतात. आता अढीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू शकत नाही, अशी माझी समजूत. लहानपणी रोज सकाळी अढी चाळायचं काम माझं होतं. एक नासका आंबा दहांना नासवतो, हे वाक्य मी चालता-बोलता ऐकलेलं. त्यात वर क्वालिटी कंट्रोलची दहा वर्षं. गाव आणि नोकरी अशा दोन्ही बाजूंनी मला जोर आला.

मी बायकोला सांगितलं, “काकू घरी येतील तेव्हा त्यांना सरप्राइज देतो. सगळा माल ग्रेडिंग करून ठेवतो.”

“त्यांना विचारलं का?”

“विचारलं तर सरप्राइज कसलं?”

“सरप्राइज राहू द्या हो. विचारा पहिले.”

मी रजा टाकली. पहिला दिवस मोठ्या ढिगात गेला. एकेक लाल, गोल, टपोरं फळ माझ्या जुन्या बनियननं पुसून आकारानुसार रांगेत लावलं. फळाचा देठ वर. तिन्ही भिंतींशी अशा रांगा लागल्या, की पाहणाऱ्याला वाटावं इथे मुख्यमंत्री येणार आहेत. दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यातल्या पोत्यांकडे वळलो. तागाची पाच पोती. प्रत्येकाच्या तोंडाला निळ्या फुलाफुलांच्या कापडाची चिंधी, आणि चिंधीची नीट, दुहेरी गाठ. टाकाऊ मालाला कुणी इतकी नीट गाठ मारतं का, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही.

आत लहान लहान सफरचंदं, लिंबाएवढी. हिरवट, तपकिरी, खरबरीत, काहींच्या अंगावर काळे ठिपके. अर्धी तर वाकडी. मी एक चावलं. हिरड्याची पूड तोंडात पडावी तसं झालं. जीभ टाळूला चिकटली, गाल आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. क्वालिटी कंट्रोलचा नियम असा, की प्रत्येक लॉटमधून नमुना तपासायचा. पाच पोती म्हणजे पाच नमुने. दुसरा चावायची माझी छाती झाली नाही. पाचही लॉट एकाच घासात नापास करून मी दोन मैलांवरच्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला फोन केला. फुकट म्हटल्यावर तो हो म्हणाला. स्टेशन वॅगनमध्ये घालून दोन खेपांत पाचही पोती पोचवली. निळ्या चिंध्या सोडून घेतल्या आणि त्याच चिंध्यांनी उरलेली लाल सफरचंदं पुसली. इतका मी नेटका.

संध्याकाळी काका परतले तेव्हा मी कोठाराच्या दाराशी हात मागे बांधून उभा होतो, बक्षीस समारंभाला उभं राहतात तसा. ते आत आले. रांगा पाहिल्या. तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

“हे तू केलंस?”

“दोन दिवस लागले,” मी विनयानं म्हणालो.

त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली. “पोती कुठायत?”

“ती ना? ती खराब निघाली. सगळी. तुम्ही काळजी करू नका, मी डुकरांना देऊन टाकली.”

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक क्रेट उलटा केला आणि त्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्या टोपीशी बोलल्यासारखे म्हणाले, “कोठारामागे तीन झाडं आहेत. त्यांना नाव नाही. आपोआप आली, माझ्या बापाच्या वेळी. खायला कामाची नाहीत. पण सायडर त्यांचाच होतो. ही जी तू लावून ठेवलीस ना, लाल, यांचा रस गोड असतो. आंबला की साखर निघून जाते आणि मागे उरतं पाणी. त्या पाण्याला चव धरून ठेवायला ती कडू, तुरट लागतात. थोडीच, पण लागतात. पाच पोत्यांना एक मोठं पिंप. तिचं माप आहे ते.”

“काकूंचं?”

“शेवटचं पोतं भरताना ती शिडीवरून पडली,” काका म्हणाले. “मी धावत गेलो तर जमिनीवरून म्हणते कशी, मला राहू दे, आधी पोत्याला गाठ मार.”

मी माझ्या हातातल्या निळ्या चिंधीकडे पाहिलं. ती काकूंच्या जुन्या एप्रनची होती, हे मला तेव्हा ओळखू आलं.

“शनिवारी तिला घरी सोडतायत,” काका म्हणाले. “शनिवारीच पिळायचं म्हणून तिनं डॉक्टरांशी भांडून सुट्टी मिळवलीय. आता तिला काय सांगू?”

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“तुमच्याकडे लोणचं हापूसचं घालतात का?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? लोणच्याला आंबट, कडक कैरीच लागते ना? पिकून गोड झालेला आंबा फोडून बरणीत भरला तर काय होईल? मग सायडरला कोणतं सफरचंद लागते ते एकदा तरी विचारावं की नाही माणसानं? कोकणातले म्हणे!”

खरं तर आमच्याच परसात रायवळचं झाड होतं. बारका, रेषाळ, कुणाला भेट द्यायची लाज वाटावी असा आंबा. साठं, म्हणजे आंबापोळी, घालायला मात्र आई त्याचाच रस घ्यायची, हापूसला हात लावू द्यायची नाही. हे मला माहीत होतं. वीस-पंचवीस वर्षं माहीत होतं. नेमकं हवं त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या कपड्यांत, टाय लावलेला, मी त्या डुकरांच्या शेतावर हजर झालो. मालक बादली घेऊन उभा होता. मला पाहून त्याला आनंद झाला.

“बरं झालं तूच आलास. मी फोन करणारच होतो. ते तुझं परत ने.”

“काय परत नेऊ?”

“सफरचंदं रे! तीन पोती ओतली काल. डुकरांनी हुंगली, एकेकानं एकेक चावलं आणि थुंकून टाकलं. डुक्कर थुंकताना तू कधी बघितलंयस? मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं. उरलेली दोन ओतलीच नाहीत मी. ती घेऊन जा.”

कुंपणापलीकडे बघितलं. चिखलात पाऽर तुडवलेली, काळ्या राडीत रुतलेली माझी तीन नापास पोती. मी टाय खांद्यावर टाकून कुंपणावर एक पाय चढवला. तेवढ्यात एक डुकरीण अशा काही नजरेनं माझ्याकडे चालून आली, की मी पाय परत घेतला.

“त्यातली काढून धुतली तर?”

मालकानं माझ्याकडे पाहिलं, डुकरांकडे पाहिलं. “धुऊन काय करणार?”

“सायडर.”

“कुणाला पाजणार ते आधी सांग,” तो म्हणाला, “म्हणजे मी त्या बाजूला फिरकणार नाही.”

मी दोन पोती घेऊन परत आलो. काकांनी ती तोलून पाहिली, आत डोकावून वास घेतला, जुन्या कोपऱ्यात ठेवली. मी खिशातून दोन निळ्या चिंध्या काढून दिल्या. त्यांनी दुहेरी गाठी मारल्या, पण त्यांच्या गाठी काकूंसारख्या बसेनात. मग हळूच म्हणाले, “तिला सांगायचं नाही. म्हणू, रॅकूननी खाल्ली.”

मला एकदम हलकं वाटलं. काकांनी आपल्यासाठी खोटं बोलावं, तेही आपण त्यांचा घात केल्यावर, याचं मला त्या क्षणी काहीसुद्धा वाटलं नाही. फक्त सुटलो असं वाटलं. रात्री मात्र झोप लागली नाही.

शनिवारी ऊन पडलं होतं. काकूंना व्हीलचेअरवरून कोठारासमोर आणलं, मांडीवर गोधडी, डोक्याला रुमाल. वजन निम्मं झाल्यासारखं दिसत होतं. बायकोनं त्यांच्यासाठी शिरा करून आणला होता. त्यांनी एक घास घेतला, “गोड आहे” म्हणाल्या, आणि लगेच, “पोती आणा.”

काकांनी एक आणलं. मग दुसरं आणलं. मग ते उगाचच फळकुटं सरळ करायला लागले.

“बाकीची तीन?” काकू म्हणाल्या.

“रॅकून,” काका म्हणाले. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. कान लाल झाले होते.

काकूंनी मान वळवली. “रॅकून तागासकट खातात? आणि ही गाठ कुणाची आहे? माझी नाही.” रस काढायच्या यंत्राभोवती गांधीलमाश्या तेवढ्या गुणगुणत होत्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. नागपूरहून इथवर जेवढं म्हणून बोलता येतं तेवढं त्या बघण्यात होतं.

“मी दिली,” मी म्हणालो. “डुकरांना. पाचही. मला वाटलं, खराब आहेत. दोनच परत मिळाली.”

काकूंनी डोळे मिटले. हात गोधडीखाली गेला, मोडलेल्या बाजूला. मला वाटलं, रडतात की काय. रडल्या असत्या तर त्या रडण्याला मी कुठे तोंड लपवलं असतं, कोण जाणे. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “कशावरून खराब?”

“एक चावून पाहिलं.”

“एक?”

“एक.”

“म्हाताऱ्या,” त्या काकांना म्हणाल्या, “मोठं पिंप राहू दे. माळ्यावरचं लहान पिंप काढ. दोन पोत्यांत जेवढं बसेल तेवढंच करायचं. पाणी घालून वाढवायचं नाही. जास्त झालेल्या लालचा रस कॅनमध्ये भरून चर्चला वाटून टाक, पोरं पितील.” मग माझ्याकडे बोट केलं. “आणि याला प्रत्येक पोत्यातली पाच-पाच खायला लावा. माझ्यासमोर. थुंकायचं नाही.”

मी दहा खाल्ली. पहिली तीन पूर्वीसारखीच, जीभ टाळूला. चौथ्याला डोळे पुसून चावत राहिलो, तेव्हा तुरटपणाच्या मागून काहीतरी आलं. मधासारखं? भिजलेल्या लाकडासारखं? नीट सांगता येत नाही. मी तसं म्हणालो. काकू म्हणाल्या, “चावत राहा.” शिक्षा आहे की शिकवणी, ते कळू द्यायचं नाही असा त्यांचा चेहरा.

त्यानंतर दिवसभर चाक फिरवायचं काम माझं. वर बादलीनं सफरचंदं ओतायची, आत दातेरी रूळ ती भरडायचा, खाली तपकिरी लगदा. लगदा जाड फडक्यात घ्यायचा, चारी बाजूंनी घडी घालायची, वर लाकडी पट्ट्यांची जाळी, परत फडकं, परत लगदा, असा थरावर थर. मग स्क्रूचा दांडा दोघांनी धरून फिरवायचा. रस लगेच येत नाही. थोडा वेळ काहीच होत नाही, आणि मग फडक्याच्या सगळ्या अंगांतून एकदम पाझर फुटतो. किती बादल्या लालला किती ओंजळी तुरट, ते काकू खुर्चीतून सांगत होत्या. दर घाण्याला त्या पळीभर रस चाखायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. “आणखी.” किंवा “बास.” एकदा त्यांनी पळी माझ्या बायकोपुढे केली. तिनं चाखलं, जरा थांबली आणि म्हणाली, “आणखी.” काकूंनी मान हलवली. त्या दिवशी कोठारात दुसऱ्या क्रमांकाची जीभ तिची ठरली. माझी कितवी, ते कुणी काढलं नाही.

चोथा शेवटी कुणाला द्यायचा, असा प्रश्न निघाला. मी तोंड उघडलं. “तू नको,” काका म्हणाले.

हिवाळाभर ते लहान पिंप काकांच्या तळघरात होतं. मी दर रविवारी जाऊन बुचाला कान लावायचो. आधी फसफस ऐकू यायची, मग नुसती कुजबुज, मग काहीच नाही. काही नाही झालं तेव्हा मला फार भीती वाटली. पांचट निघालं तर? ही म्हातारी तिकडे वाळवंटात जाणार, तोंडात शेवटची चव कसली घेऊन, तर माझ्या शहाणपणाची. ऑफिसात त्या दिवसांत मी जवळजवळ काहीच नापास केलं नाही. मॅनेजरनं तब्येतीची चौकशी केली.

मार्चअखेर एका सकाळी फोन आला. “काकू बोलतेय. छप्पर मोकळं झालं.”

गेलो तर बागेच्या कडेनं बिल्डरच्या माणसांनी केशरी फिती लावलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. त्यातली एक बरोबर त्या तीन बिननावाच्या झाडांच्या मधोमध. काकू काठी टेकत पायऱ्या उतरून आल्या, कुणाचा हात न धरता. घरात खोकी बांधून तयार होती. काकांनी पिंप बाहेर ओंडक्यावर ठेवलं, तोटी ठोकली. जुनाच एनॅमलचा मग, कडेचा टवका उडालेला. सायडर उन्हात धरल्यावर पितळेसारखा दिसला.

काकूंनी वास घेतला. घोट घेतला. तोंडात फिरवला, गिळला. परत एक. आम्ही तिघं उभे. काका टोपी चुरगाळत होते, मी बायकोची ओढणी.

काकूंनी मान हलवली. मग मग रिकामा केला आणि पुढे धरला, पुन्हा भरायला. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्याच दमात दुसरा मागितलेला नाही, असं काका म्हणाले, आणि नाक शिंकरायला कोठाराच्या मागे गेले.

मी प्यालो. बायकोनंही, आयुष्यात पहिल्यांदा, ओठ लावले, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “कडूच आहे हो.” आणि मग, “अजून थोडं द्या.” फार सुरेख झालं होतं. ती चौथ्या सफरचंदाच्या मागून आलेली चव, तीच, पण आता पुढे येऊन बसलेली. काका परत आले आणि म्हणाले, की मोठ्या पिंपात हे इतकं दाट कधीच उतरलं नव्हतं. लहान पिंप, कमी लाल, त्यामुळे तुरटाचा हात जरा चढा पडला आणि तेच जमून गेलं.

सहा महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या छातीत हवा भरली. मी मग उंच केला आणि म्हणालो, “म्हणजे काकू, एका परीनं बघायला गेलं, तर माझ्या चुकीमुळेच—”

“डुकरांमुळे,” काकू म्हणाल्या. “त्यांनी थुंकून टाकलं म्हणून दोन पोती राहिली. तू तर पाचही दिली होतीस.”